घास आणि नळी

दिवाळी अंकासाठी लिहायचे म्हणजे लेखकाने थोडे तरी नटूनथटून यावे, असा संकेत आहे. घरोघर चकल्यांचे घाणे निघत असतात, करंज्यांच्या सारणात खसखस पडत असते, आणि अशा वेळी कोणी नाकातून पोटात जाणाऱ्या नळीविषयी लिहावे, हे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु अन्नाविषयी बोलायला दिवाळीहून चांगला मुहूर्त तरी कोणता? या चार दिवसांत आपण येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘घ्या हो, एक लाडू तरी घ्या’ म्हणून आग्रह करतो, आणि समोरचा पोटावर हात ठेवून ‘आता नको’ म्हणतो. आग्रह करण्यात माया आहे हे आपण सारेच जाणतो. त्या ‘नको’चा मात्र फारसा विचार आपण केलेला नाही. माझा आजचा सारा विषय त्या ‘नको’चा आहे.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण नाही. शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या विषयाशी माझी गाठ पडली ती आत्यामुळे. माझी थोरली आत्या लहानपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही, म्हणून आमच्याच घरी असे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि जिचे महत्त्व आम्हांला तोपर्यंत कधी जाणवलेच नव्हते अशी तिसरी एक गोष्ट गेली: गिळण्याची शक्ती. घोट घशाशी आला की श्वासनलिकेचे दार मिटायचे आणि अन्ननलिकेचे उघडायचे, हा खेळ आपल्या नकळत क्षणार्धात होत असतो. ते दार वेळेवर मिटले नाही, तर पाण्याचा घोटही फुफ्फुसात उतरतो. म्हणून आत्या इस्पितळातून घरी आली ती नाकात नळी घेऊनच.

या नळीला सारे ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात. जॉन राइल नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९२१ साली ती योजली, आणि गंमत अशी की ती पोटात काही घालण्यासाठी नव्हतीच. जठरातला रस थोडा थोडा बाहेर काढून तपासण्यासाठी होती. बाहेर काढण्याची वाट पुढे आत घालण्याची झाली. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तेथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी मोजायची, तिथे खूण करायची, आणि रोग्याला गिळायला सांगत सांगत ती आत सरकवायची. जिला गिळताच येत नाही तिला ‘आजी, गिळा’ असे नर्सबाई सांगत होत्या, हे माझ्या लक्षात राहिले आहे.

पहिले काही दिवस घरचेच अन्न चालले. तांदळाची पेज, मुगाचे कढण, दूध, वरून चमचाभर तेल. सारे मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळायचे. आत्याला उशांना टेकवून बसते करायचे, मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडायची, हात उंच धरायचा आणि दोनशे मिलिलिटर पातळ अन्न आपल्या वजनाने हळूहळू उतरू द्यायचे. मग थोडे पाणी, मग अर्धा तास तिला आडवे होऊ द्यायचे नाही. असे दिवसातून सहा वेळा. आमची सौ. हे सारे करीत असे. पण कढण कितीही गाळले तरी नळी तुंबे. आणि नळी तुंबू नये म्हणून पातळ करावे तर पोषण उतरे. आत्याचे दंड बारीक होऊ लागले, पाठीला जखम होण्याची लक्षणे दिसू लागली. तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी पावडरचा डबा लिहून दिला.

मला छापील मजकूर दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. त्या डब्यावरची यादी मी इतक्या वेळा वाचली, की ती अजून पाठ आहे. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे पिष्टाचे बारीक तुकडे करून केलेली, फारशी गोड नसलेली भुकटी. केसिन आणि व्हे, म्हणजे दुधातली दोन प्रथिने, आपल्या भाषेत पनीर आणि त्याची निवळ. आतडे दुबळे असेल तर हीच प्रथिने विकरांनी आधीच तोडून, निम्मी पचवून देतात. ‘मध्यम साखळीची स्निग्धे’ हे नाव मोठे भारदस्त, पण ती बहुतेक खोबरेल तेलातून किंवा पामच्या गरातून काढतात. एरवी तेलतूप पचायला पित्त लागते आणि ते लांबच्या वाटेने रक्तात पोचते. ही स्निग्धे मात्र फारशी कटकट न करता सरळ यकृताकडे जातात. शेवटी एक तंतू होता, तो गवारीच्या बियांचा! गवारीच्या डिंकाचा घट्टपणा विकराने मोडून टाकला, की तो पाण्यात सहज विरघळतो, नळीत अडकत नाही आणि नळीच्या आहाराने होणारे जुलाब आवरतो. जगातली बहुतेक गवार आपल्याच देशात, त्यातही राजस्थानात पिकते. आत्याला गवारीची भाजी मनापासून नावडे. ती तिच्या पोटात अशी मागल्या दाराने शिरली.

हे सारे शास्त्र मी हसण्यावारी नेत नाही. मापात मावेल असे, एका मिलिलिटरमध्ये एक कॅलरी बसवलेले, जीवनसत्त्वे आणि क्षार तोलून घातलेले असे हे अन्न नसते, तर अपुऱ्या दिवसांची कितीतरी बाळे, घशाच्या कर्करोगाचे आणि भाजलेले कितीतरी रोगी उपाशी मेले असते. १९६८ साली अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर आतडी टाळून केवळ मोठ्या रक्तवाहिनीतून पोषण देऊन कुत्र्याची पिल्ले वाढवली आणि पुढे एका तान्ह्या मुलीलाही जगवले. तोवर आतडे निकामी झालेल्याला उपासमार ठरलेलीच होती. अर्धांगवायूच्या रोग्यांतही पुष्कळांचे गिळणे काही आठवड्यांनी परत येते, आणि तोवरचा पूल म्हणून नळीसारखी दुसरी सोय नाही. पण शरीराला जे कमी पडते ते भरून काढले की झाले, हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. ग्लुटामिन नावाचे एक अमिनो आम्ल आहे. फार आजारी माणसाच्या रक्तात ते घटते. तेव्हा ते वरून द्यावे, हा विचार कोणालाही पटेल असाच होता, आणि ते दिलेही जात असे. २०१३ साली बाराशेहून अधिक अत्यवस्थ रोग्यांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात ग्लुटामिन मिळालेल्यांत मृत्यू जास्त निघाले. शरीराने काही कमी केले असेल, तर ते चुकूनच केले असेल असे नाही.

डब्यावर आणखी दोन गोष्टी होत्या, आणि माझ्या डोक्यात भुंगा सोडला तो त्यांनीच. एक म्हणजे ‘व्हॅनिला’. नाकातून सरळ जठरात जाणाऱ्या पदार्थाला स्वाद कशासाठी? तीच पावडर तोंडानेही घेतात, म्हणून स्वाद घातलेला असतो, हे मला बाईंनी सांगितले. आणि ते बरोबरच आहे. दुसरी गोष्ट अशी की डब्यावर अन्नखात्याचा परवाना क्रमांक होता आणि खाली ‘वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावे’ अशी सूचना होती. आपल्या देशाच्या २०१६ च्या नियमांनी या डब्यांसाठी ‘विशेष वैद्यकीय प्रयोजनाचे अन्न’ असा वर्ग केला आहे. म्हणजे डब्याच्या मनातही निश्चित नव्हते, की आपण अन्न की औषध!

तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? पुष्कळ आहे. औषध थांबवता येते. वैद्य रोज कुणाचे ना कुणाचे थांबवतात. अन्न थांबवणे म्हणजे उपाशी मारणे, आणि उपाशी मारण्यासारखे पाप आपल्या धर्मात, आपल्या घरात, आपल्या रक्तात दुसरे नाही. म्हणून डब्यातले ते पांढरे पाणी अन्न म्हणायचे की औषध, यावर एका माणसाचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते.

आमच्या घरात हा प्रश्न तात्त्विक रूपाने आला नाही. तो एकादशीच्या रूपाने आला.

आत्याने साठ वर्षे एकादशी मोडली नव्हती. आषाढी-कार्तिकी तर निर्जळी. डबा आल्यावर पहिली एकादशी उजाडली आणि सकाळच्या सिरिंजला सौ. अडखळली. म्हणाली, “अहो, आज आत्याबाईंना द्यायचं काय?” मी म्हटले, “रोजचंच. त्यांना कुठं कळतंय?” त्यावर ती काही बोलली नाही, पण तिने सिरिंज खाली ठेवली. मग तिने आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला, की त्या माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये धान्य असते काय. बाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, “बहुतेक मक्याचं असतं, पण साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचंही करतात. डब्यावर लिहिलेलं नाही.” म्हणजे मका असला तर एकादशी मोडते आणि कंद असला तर चालते! शेजारच्या काकूंचे मत असे पडले, की जे जिभेला लागले नाही ते खाल्ले असे होतच नाही, तेव्हा उपवास अखंड आहे. माझा आतेभाऊ (धाकट्या आत्याचा मुलगा) म्हणाला, की आजाऱ्याला उपवासाचे बंधन शास्त्रानेच ठेवलेले नाही. दोघांचेही खरे होते. सौ. ने मात्र त्या दिवशी दूध, साबुदाण्याची पातळ पेज आणि राजगिऱ्याचे गाळलेले पाणी दिले, आणि प्रत्येक वेळी सिरिंज उचलण्याआधी, “आत्याबाई, आज एकादशी आहे बरं का. उपवासाचंच देते,” असे सांगितले.

मला तेव्हा हे भाबडेपण वाटले. पुढे विचार करता वाटू लागले, की घरात एवढ्या जणांनी एवढी चर्चा केली त्यात नेमके कळले होते ते तिला. उपवास म्हणजे काय? अन्न समोर आहे, भूक आहे, आणि तरी मी घेत नाही असे म्हणण्याचा अधिकार. आत्यासारख्या बाईच्या आयुष्यात तिचे स्वतःचे असे फार थोडे होते. घर भावाचे, पैसा भावाचा, भांडीदेखील वहिनीची. पण पंधरा दिवसांतून एकदा ‘आज मला नको’ असे ती म्हणे आणि सारे घर ते मानी. तोंड हे चवीचे स्थान आहे तसेच ते नकाराचेही आहे. तान्हे मूल सुद्धा पोट भरले की ओठ मिटते आणि मान फिरवते. चिऊकाऊचे घास भरवणाऱ्या आईला त्या मिटल्या ओठांपुढे हार मानावी लागते. घास घेण्यासाठी तोंड उघडावे लागते, आणि उघडणे ही परवानगी असते. नळीने नेमके हेच स्थान ओलांडले. आता घास देणाऱ्याला परवानगी लागत नाही.

ज्यांना हे पक्के ठाऊक होते त्यांत पहिले तुरुंगवाले. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांच्या हक्कांसाठी जतींद्रनाथ दासांनी अन्नत्याग केला, तेव्हा त्यांना दाबून धरून नाकातून नळीने दूध घालण्याचा प्रयत्न झाला. नळी भलतीकडे गेली, फुफ्फुसाला इजा झाली. आणि उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी, १३ सप्टेंबरला, ते गेले. अंदमानात १९३३ साली महावीरसिंगांच्या फुफ्फुसात असेच दूध गेले. जगातल्या वैद्यांच्या संघटनेने १९७५ साली टोकियोत जाहीर केले, की शुद्धीवर असलेल्या आणि परिणाम समजणाऱ्या कैद्याने अन्न नाकारले, तर डॉक्टरने त्याला कृत्रिमरीत्या भरवू नये. तरी आपल्याच मणिपूरमध्ये इरोम शर्मिलांना नोव्हेंबर २००० पासून ९ ऑगस्ट २०१६ पर्यंत, जवळजवळ सोळा वर्षे, नाकातल्या नळीवर ठेवण्यात आले. त्या मेल्या नाहीत. म्हणजे नळीने त्यांचा प्राण वाचवला हे मान्य केले पाहिजे. त्यांनी उपोषण सोडले तेव्हा तळहातावर मध घेऊन बोटाने जिभेला लावला. ते छायाचित्र मी पाहिले आहे. इतक्या वर्षांनी जिभेला काही लागले तेव्हाचा तो चेहरा रंगवणे मला जमणार नाही.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या वर्ध्याजवळचे, पवनारचे. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी आजारपणात अन्न, पाणी आणि औषध या तिन्हींना नको म्हटले, आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नाकात कोणी नळी घातली नाही. विनोबांचा शब्द मानला गेला याचे एक कारण ते विनोबा होते, हे उघड आहे. आमच्या आत्यासारख्यांचे ‘नको’ इतक्या सहज ऐकू येत नाही.

कारण आत्या बोलू शकत नव्हती. पण तिचा डावा हात चांगला होता. त्या हाताने तिने नळी तीनदा उपसून काढली. पहिल्या वेळी आम्हांला वाटले, नाकात हुळहुळले असेल. दुसऱ्या वेळी इस्पितळातून आलेल्या ब्रदरने सांगितले, “हात बांधून ठेवा, सगळेच काढतात.” हे खरे आहे, सगळेच काढतात. शुद्ध नसलेले काढतात, मुले काढतात, बरे होऊ घातलेलेही काढतात. तेव्हा हाताच्या त्या हालचालीला नकार म्हणावे की खाज? तिसऱ्या खेपेचा दिवस एकादशीचा निघाला, त्याचे माझ्या सासूबाईंनी फार मोठे केले. मी करीत नाही. पहिल्या दोन तिथी साध्याच होत्या. त्यानंतर आतेभावाच्या आग्रहावरून आत्याच्या डाव्या हाताला मऊ फडक्याची पिशवी बांधली. त्याचे म्हणणे अन्यायाचे नव्हते. “मामाच्या घरात माझी मावशी भुकेने गेली असं मी ऐकून घेणार नाही,” असे तो म्हणाला, आणि म्हणताना रडला. सौ. दुपारी कोणी नसताना ती पिशवी सोडून हात आपल्या हातात धरून बसे. तिला विचारले तर म्हणे, “बांधण्यापेक्षा धरलेला बरा.”

भुकेने गेली! या शब्दांत किती भय आहे. आणि हे भय डब्यातल्या कॅलरींनी जात नाही, याचा दाखला इतिहासात आहे. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीत पोचले तेव्हा तेथे हजारो माणसे केवळ हाडांचे सापळे होऊन पडली होती. त्यांच्यासाठी तेव्हाचे सर्वांत नवे विशेष पोषण आणले होते: आधीच पचवलेली प्रथिने. ती इतकी बेचव की तोंडाने घेववत नसत, म्हणून नाकातून नळीने किंवा शिरेतून द्यायची. पण त्या माणसांनी हातात नळी आणि सुई घेतलेले डॉक्टर पूर्वीही पाहिले होते. सुई टोचून मग जाळण्यासाठी नेणारे. ते भीतीने किंकाळ्या फोडू लागले. दुसरे एक गोड मिश्रण दिले गेले, ते १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात उपयोगी पडलेले. बंगाल्यांना मानवलेला तो गोडवा या युरोपीय जिभांना सोसेना. त्यात तिकडच्या मिरचीची पूड, पाप्रिका, घातली तेव्हा कुठे लोक ते घेऊ लागले. मला ही मिरचीची पूड फार महत्त्वाची वाटते. मरणाच्या दारातला माणूसही अन्न आपले आहे की नाही हे विचारतो.

यावर कोणी म्हणेल, जो काहीच विचारू शकत नाही त्याचे काय? येथे आपल्या महाराष्ट्राला एका नावाशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तेथेच पाशवी हल्ला झाला, आणि त्यानंतर बेचाळीस वर्षे त्या त्याच इस्पितळाच्या एका खोलीत पडून होत्या. तेथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना मऊ केलेले अन्न तोंडाने भरवले. २०१० मध्ये मलेरिया झाल्यावर नळी आली. त्यांचे अन्न थांबवावे अशी विनंती एका लेखिकेने सर्वोच्च न्यायालयात केली; ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती नाकारली, आणि अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांना भरवणाऱ्यांचा आहे असे मानले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या. या प्रकरणात दोन्ही बाजूंना माया होती, म्हणूनच ते इतके कठीण आहे. मला स्वतःला त्या लेखिकेची कळकळ समजते. पण सर्वांत जास्त पटते ती परिचारिकांची एक गोष्ट, की ओठाशी घास नेला आणि ओठ उघडले, तोवर त्यांनी नळीचा आधार घेतला नाही. उघडणाऱ्या ओठांत त्यांना होकार दिसत होता. तो खरोखर होकार होता की केवळ स्नायूंची सवय, हे न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनाही काय, कोणालाच छातीवर हात ठेवून सांगता आले नसते. पण त्या विचारीत होत्या. प्रत्येक घासाला विचारीत होत्या.

विलायतेत १९९३ साली टोनी ब्लँड या तरुणाच्या खटल्यात तेथल्या सर्वोच्च न्यायाधीशांनी ठरवले, की नळीचे पोषण हा वैद्यकीय उपचार आहे, आणि उपचार निरर्थक ठरला तर थांबवता येतो. अमेरिकेने १९९० साली नॅन्सी क्रूझनच्या खटल्यात जवळपास तीच वाट धरली. न्यायाधीशांना काहीतरी ठरवावे लागते. त्यांचे ते काम आहे. मला मात्र वाटते, की ‘हे अन्न आहे, म्हणून कधीच थांबवता येणार नाही’ म्हणणारा आणि ‘हा उपचार आहे, म्हणून निकामी ठरला की थांबवा’ म्हणणारा, हे दोघेही एकाच ठिकाणी घसरतात. दोघेही डब्याकडे पाहतात, नळीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहत नाहीत. पदार्थ अन्न आहे की नाही हे पदार्थाने ठरत नाही. साबुदाणा आत्याला एकादशीला अन्न होता आणि द्वादशीला नुसते पिष्ट. घेणाऱ्याची संमती असेल तर व्हॅनिलाची भुकटीही पंगतीतले पक्वान्न आहे. आणि ती नसेल तर पुरणपोळीदेखील लाहोरच्या तुरुंगातले दूध होते.

मग संमती तोंडातून मिळत नसेल तर दुसरीकडे शोधावी लागते. कुठे? आधीच्या आयुष्यात, सवयींत, हाताच्या हालचालीत, भरवताना डोळ्यांत पाणी येते की डोळे मिटतात यात. हे काम वेळखाऊ आहे आणि चुकण्याची भीती मोठी आहे. म्हातारपणच्या गाढ स्मृतिभ्रंशात तर शास्त्रानेही याच बाजूला कौल दिला आहे. १९९९ साली अमेरिकेत त्या वेळेपर्यंतचे सारे अभ्यास तपासून पाहिले, तेव्हा अशा रोग्यांत नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो याचा पुरावा सापडला नाही. तेथले वृद्धांचे डॉक्टर आता नळीऐवजी हाताने, थोडे थोडे, रोग्याच्या कलाने भरवावे असे सांगतात. रोग्याला नको असेल तेव्हा थांबावे लागते, म्हणून हाताने भरवायला माणूस लागतो आणि माणसाचा वेळ लागतो. नळीला सहाच वेळा लागतात. आपल्या घरांत कोणाजवळ किती वेळ आहे, हे वाचकांना मी सांगायला नको. तो वेळ बहुतेक सुनेचा असतो, हेही नको.

न बोलणाऱ्याची इच्छा ओळखण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. दहाव्या दिवशी आपण नदीकाठी पिंड ठेवतो, गेलेल्याच्या आवडीचे पदार्थ मांडतो आणि कावळा शिवेपर्यंत ताटकळतो. शिवला नाही तर एकेक जण पुढे होऊन शब्द देतो: धाकटीचे लग्न करीन, वाडा विकणार नाही. गेलेल्याच्या मनात काय होते याचा इतका कसून शोध आपण त्या एका सकाळी घेतो. आत्या चौदाव्या महिन्यात छातीत कफ साठून गेली, नळी नाकात असतानाच. तिच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. आतेभावाला मोठे समाधान झाले. भटजींनीही ‘तृप्त होती हो म्हातारी’ असे म्हणून पळी पुढे केली. मी कावळ्याकडे पाहत होतो. त्याने गवारीची भाजी बाजूला सारून वडा उचलला. भाजी कोणी ठेवली होती कोण जाणे.

आपल्या देशात आता आपले ‘नको’ आधी लिहून ठेवता येते. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. मी गेल्या पावसाळ्यात असा कागद लिहायला बसलो. कादंबरीचे तीनशे पानांचे हस्तलिखित लिहिताना मी इतका अडलो नव्हतो. ‘मला नळी नको’ असे लिहावे, तर सहा आठवड्यांनी गिळणे परत येणारे रोगी डोळ्यांपुढे येतात. ‘हवी’ असे लिहावे, तर चौदा महिने दिसतात. शेवटी लिहिले ते असे: गिळणे परत येण्याची आशा डॉक्टरांना असेल तोवर नळी चालेल. नळी असताना प्रत्येक वेळी मला सांगून द्यावे, मला कळत नाही असे वाटले तरी. माझे हात बांधू नयेत. मी नळी काढली तर पुन्हा घालण्यापूर्वी एक दिवस थांबावे आणि ओठांशी चमचाभर चहा नेऊन पाहावा. तो फुफ्फुसात जाण्याचा धोका माझा मी पत्करला आहे.

आशा म्हणजे किती दिवस, हा आकडा घालायचा राहिला आहे. मी सहा आठवडे म्हणतो. सौ. तीन महिन्यांच्या खाली यायला तयार नाही. “तुम्हांला काय, तुम्ही झोपून राहणार; सिरिंज मी धरणार,” असे तिचे म्हणणे आहे, आणि ज्याने सिरिंज धरली आहे त्याच्यापुढे वाद घालणे कठीण. नोटरी तालुक्याला असतो, तो पाडव्यापर्यंत भेटणार नाही. तोवर कागद फडताळात, शेवेच्या डब्याखाली, आकड्याची जागा कोरी ठेवून आहे.